धर्मपाल वायरमनचं लाल नाव

धर्मपाल वायरमन मूळचा बोरी अरबचा. काम संपलं की बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटनं नाव आणि तारीख टाकायची, ही त्याची रीत. पुढे झाकण उघडणाऱ्याला कळलं पाहिजे, इथं कोणाचा हात फिरलाय.

यवतमाळात कमलाकरराव वकिलांच्या नव्या बंगल्यातही त्यानं तसंच नाव टाकलं. वास्तुशांतीला पुण्याहून मुलगा अनिमेष आला, तो साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर घेऊन. घरचे दिवे, पंखे, फाटकाचे कॅमेरे सगळं त्यावर चालणार होतं. त्याला अनिमेषनं यूएसबीचा एक हब जोडला आणि हबात दोन कॅमेरे, हार्ड डिस्क आणि दिव्यांना बिनतारी हुकूम सोडणारा डोंगल खुपसला. पंगत बसली आणि घरभरचे दिवे-पंखे बंद. लागले, पुन्हा बंद.

धर्मपाल पानावरून उठून बघायला गेला. हबाला विजेची स्वतःची वायरच नव्हती. चारही जण त्या बिचाऱ्या डबीच्याच विजेवर जगत होते. बोरीत एका डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर शिवारभरच्या मोटारी चालू झाल्या की साऱ्याच बसतात, तसला प्रकार. हबाला वेगळा अ‍ॅडॉप्टर दिला की काम फत्ते. तो सांगणार, तेवढ्यात अनिमेष म्हणाला, वायरिंगच खराब आहे. आणि कमलाकरराव भर पंगतीत बोलले, "असल्या लोकांना काम दिलं की असंच व्हायचं."

असल्या म्हणजे कसल्या, हे त्या पंगतीत कोणाला विचारावं लागलं नाही. धर्मपालनं उघडलेलं तोंड मिटलं आणि जेवण अर्धं टाकून तो निघाला. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव खरवडलं गेलं.

ते बोंडअळीचं वर्ष. कापूस किडला, गावात कोणी नवी खोलीसुद्धा बांधेना, आणि यवतमाळात त्याला कोणी दारात उभं करेना. खरं काय ते बायकोला, सत्यभामेला, ठाऊक होतं. ती म्हणायची, एकदा जाऊन सांगून टाका, आपल्याच नावावरचा डाग निघंल. पण हा कसला सांगतो! वायरिंगमधला दोष शोधायला वकिलांनी बैठकीची भिंत फोडली असं कानावर आलं, त्या दिवशी त्यानं दोनदा चहा मागितला. पुढे जिना फोडला. मग देवघर. तीन वायरमन झाले, दिवे आपले लागत-विझतच होते. धर्मपालच्या पोटात अशी थंडाई कधीच पडली नव्हती.

दोन वर्षांनी वकिलांच्या बायकोचा, शुभदाबाईंचा, फोन आला. नातीचं बारसं तोंडावर आलं होतं. धर्मपाल गेला, फोडलेल्या भिंती सावकाश पाहिल्या आणि दोष वायरिंगमध्ये नाही, त्या हबात आहे, एवढंच सांगितलं.

कमलाकरराव खुर्चीत बसले. "हे तुला आज कळलं?"

"पंगतीतच कळलं होतं. सांगाले तोंड उघडलंच होतं मी, तेवढ्यात तुम्ही बोलले."

"मग दोन वर्षं गप्प कायले राह्यला रे?" वकिलांची पुस्तकी भाषा पार गळून पडली होती.

"तुम्ही भिंती फोडून राह्यलते ना साहेब. म्हटलं, फोडू द्या." मग त्यानं आपली अट सांगितली. "जे पंगतीत बोलले, ते पंगतीतच मागं घ्या."

बारशाला पानं मांडली गेली. कमलाकरराव उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, की वायरिंग पहिल्या दिवसापासून चोख होतं, चूक आमच्या घरची होती, आणि मी बोललो ते हलकटपणाचं होतं. अनिमेष ताटाकडे बघत राहिला. धर्मपालनं तोवर घासाला हात लावला नव्हता. आता तो पोटभर जेवला, जिलेबी दोनदा मागून घेतली. हात धुऊन खिशातला अ‍ॅडॉप्टर काढून हबाला लावला. दिवे लागले ते लागलेच.

मग पिशवीतून त्यानं लाल ऑइलपेंटची डबी काढली. या वेळी त्यानं झाकण उघडलं नाही. बैठकीतल्या मोठ्या बोर्डावर, बाहेरून, आल्यागेल्याच्या डोळ्यांसमोर येईल असं नाव लिहिलं. तारीख मात्र वास्तुशांतीची टाकली.