आडवे होऊन गायचे गाणे

१४ नोव्हेंबर. झग्याचे शेवटचे हुक शिवले आणि तो नीलाताईंना घालून तालमीला उभे केले. आमच्या हौशी मंडळाचा मराठी ऑपेरा रविवारी आहे. शेवटचे गाणे नायिका मरता मरता गाते. नायिका झालेल्या नीलाताई मात्र रंगमंचाच्या अगदी पुढे येऊन, प्रेक्षकांकडे तोंड करून मरत होत्या.

"मरताना कोणी उभं राहतं का, नीलाताई?" दिग्दर्शिका अश्विनीने विचारले.

"आणि गाताना कोणी झोपतं का गं?"

अश्विनी सरळ रंगमंचाच्या फळ्यांवर आडवी झाली आणि अख्खे कडवे गायली. भयंकर बेसूर. पेटीवाले काका हसू लागले, तरी थांबली नाही.

"ऊठ बाई, तुझ्याआधी सूर मेला," म्हणत नीलाताईही आडव्या झाल्या. दुसऱ्याच ओळीला श्वास तुटला. "नाही जमत. उभीच गाईन, नाहीतर दुसरी शोधा."

ऑपेराच्या दिग्दर्शकाला बहुधा गाता येत नाही, तरी गाणाऱ्यांना कुठे मरायचे ते त्यानेच सांगायचे असते. जगातले नावाजलेले दिग्दर्शकही कधीतरी असेच हसू झेलत फळ्यांवर पडले असतील. त्यांनी हट्ट सोडला असता, तर सगळ्या नायिका अजून उभ्यानेच मेल्या असत्या.

अश्विनी फळ्यांवरून उठायला तयार नव्हती. मी नीलाताईंच्या कमरेकडे पाहिले. हुक ताणले होते. माप मी त्यांना उभे करून घेतले होते.

१५ नोव्हेंबर. सकाळी टेप घेऊन नीलाताईंच्या घरी गेले, त्यांना सतरंजीवर आडवे केले, पोटभर श्वास घ्यायला लावला आणि माप नव्याने घेतले.