पाणी तोडणारी माय

डिसेंबर लागला की माझी माय मोसंबीच्या बागेचं पाणी तोडायची. विहीर भरलेली असो नाहीतर आटलेली, पाणी बंद. पानांच्या कडा वळायच्या, मग पानं पिवळी पडून खाली यायची. माय रोज सकाळी बागेत जाऊन एक पान हातात चुरायची आणि म्हणायची, "आजून न्हाई." चाळीस दिवस, कधी पन्नास. झाडं अशी दिसायची की वाटूरच्या रस्त्याने जाणारा माणूस थांबून विचारायचा, मालक मेला का काय. मग एका सकाळी ती म्हणायची, "सोडा पाणी. पर थोडंच." आणि काही दिवसांत सगळी बाग फुलाने पांढरी व्हायची.

याला ताण देणं म्हणतात, आणि त्यानंतर धरणाऱ्या फुलाला बहार. आमच्या भागात मोसंबीवाले सगळेच देतात. माणसांना ताण देणारी मात्र मी एकच पाहिली.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. तेराव्याला माझ्या भावाच्या मुलाने, महेशने, फाट्यावर फ्लेक्स लावला होता. वर मायचा फोटो आणि खाली 'मायेचा सागर'. सागर आमच्या घरात कुणी पाहिलेला नाही, म्हणून खपून गेलं. आजी शांतपणे गेली असंही त्यावर होतं. ती नऊ दिवस पाणी मागत होती, आणि कुणी देऊ नये म्हणून मी खाटेपाशी पहाऱ्याला बसले होते. आता वर्षश्राद्धाला महेश आजीच्या आठवणींचं लहानसं पुस्तक काढतो आहे. मला म्हणाला, "आत्या, तू बी लिही. चांगलं चांगलं लिही." मी चौथी शिकलेली आहे. चांगलं चांगलं लिहायला त्याच्या पुढे शिकावं लागत असेल. मला झालं तेवढंच लिहिता येतं.

चौथीच्या पुढे मी गेले नाही तेही मायमुळेच. मी दुसरीत असताना बाप वारला. माझी चौथी झाली तेव्हा बागेची राखण करायला माणूस पाहिजे होतं. गुरुजी घरी आले. म्हणाले, पोरगी हुशार आहे, शाळा बंद करू नका. माय म्हणाली, "मंग तर बराबरच हाय गुरुजी. राखणीला हुशारच लागतं. येडं बसवलं तर वानरं त्यालाच फळं मागतील." गुरुजी चहा न घेता उठले. माय म्हणाली, "चला, दूध वाचलं."

सोळाव्या वर्षी माझं लग्न घनसावंगीकडे झालं. पहिल्या पंचमीला नव्या सुनेला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. मी वेणी घालून, पेटी भरून उंबऱ्यात बसले. शेजारच्या दोघी सुना गेल्या. माझ्याकडे कुणी आलं नाही. दिवाळीलाही नाही, पुढच्या पंचमीलाही नाही. सासू म्हणायची, "तुह्या मायनं तुला दिली का टाकली गं?" नवरा हात उचलायचा. बांगड्या भरणारी चाँदबी गावोगाव फिरायची. तिला मी पाठीवरचे वळ दाखवले आणि म्हटलं, माझ्या मायला सांग, बापूला पाठव. बापू माझा धाकटा भाऊ. पंधरा दिवसांनी चाँदबी परत आली. माझा हात धरून बसली, पण बांगडी काही भरीना.

"क्या बोली?" मी विचारलं.

"बोली, अभी नहीं. ऐसी माँ मैं नहीं देखी, बेटी."

तेव्हा मला कळलं की माझं पाणी तोडलंय.

येणार कुणी नाही हे पक्कं झाल्यावर माणूस वेगळं होतं. एका दिवशी नवऱ्याने हात उचलला तेव्हा मी जात्याचा खुंटा उपटून हातात घेतला. मारला नाही. नुसती उभी राहिले. त्यानंतर त्याने हात लावला नाही. पुढच्या वर्षी सासूने कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. आणि मग, लग्नाला अडीच वर्षं झाली तेव्हा, माय आली. अर्धी भाकर खाल्ली. एक खण माझ्या हातात ठेवला. कमरेच्या किल्ल्यांकडे बघून म्हणाली, "धरला बहार."

मी म्हटलं, "माय, मी मेले असते तर?"

"मेली न्हाईस ना. खण शिवून घे, रंग पक्का हाय." आणि दोनच्या गाडीने गेली. ताण तोडताना पहिलं पाणी थोडंच द्यायचं असतं.

तिचं खरं निघालं असं सगळे म्हणाले. निघालंच. पण वळ माझ्या पाठीवर होते आणि बहार तिचा होता.

नातवंडांची आजी वेगळी होती, हे मला मान्य आहे. बाजारात न चालणारी, गळालेली मोसंबी घेऊन ती ओट्यावर बसायची, सोलायची आणि एकेका पोराच्या तोंडात एक एक फोड द्यायची. पोरं कुत्र्याच्या पिलांसारखी समोर बसून तिच्या हाताकडे बघायची. महेश कॉलेजात असताना गुटखा खायला लागला, तर ती त्याच्याशी दीड महिना बोलली नाही. त्याने ताटावरून हाक मारली तरी ती भिंतीशी बोलायची, "बघ गं भिंते, कुणीतरी भाकर मागून राह्यलं." त्याने गुटखा सोडला. आज तो सांगतो, आजीने मला वाचवलं. दीड महिन्यात सुटला म्हणून सांगतो.

आता जे पुस्तकात कुणी लिहिणार नाही ते लिहिते. एका वर्षी थंडीत ऊन फार होतं. झाडं लवकर सुकली. बापू रोज म्हणायचा, "माय, पाणी सोडू." ती म्हणायची, "आजून न्हाई." मी तेव्हा माहेरी गेले होते. मलासुद्धा दिसत होतं की फांद्यांचे शेंडे वाळले आहेत. मी बोलले. ती म्हणाली, "तुला किती कळतं ते मला म्हाईत हाय. तू चौथी पास."

बावीस झाडं गेली. बापू रडत पाइप ओढत बागेत आला. माय एका झाडापाशी उभी होती. तिने अंगठ्याच्या नखाने खोडाची साल खरवडली. सालीखाली हिरवं असेल तर झाड जिवंत असतं. हिरवं नव्हतं. दुसरं झाड खरवडलं, तिसरं खरवडलं. मग तिने जाऊन कॉक बंद केला आणि बापूला म्हणाली, "वाळल्याला पाणी घालून राह्यलास व्हय? नासाडी हाय ती." कुऱ्हाड घेऊन तिने पहिलं झाड स्वतः तोडलं. चुकलं असं ती त्या दिवशी म्हणाली नाही, नंतरही नाही.

गेल्या वर्षी तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गिळणं गेलंय, तोंडाने थेंबभर पाणी दिलं तरी फुप्फुसात जाईल. नाकातून नळी घातली. नळीने पोट भरतं, तोंड कोरडंच राहतं. ती मागायला लागली, "पानी, पानी." बापूला बघवेना, तो बाहेर जाऊन बसला. महेशने पिशवीत लपवून बाटली आणली. मी ती हिसकावून घेतली.

"आत्या, तुला काळीज हाय का न्हाई?"

"न्हाई. म्हणून तर मला बसवलंय हितं."

मायने सगळं ऐकलं. माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "पानी." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजून न्हाई."

तिने मला ओळखलं. म्हणजे लेक म्हणून रोजच ओळखत होती, पण आता वेगळं ओळखलं. खरं लिहायचं तर त्या वेळी मला बरं वाटलं. अडीच वर्षं उंबऱ्यात बसले होते, ते फिटल्यासारखं वाटलं. ते बरं वाटणं दोनच दिवस टिकलं. सिस्टरने ओला बोळा ओठांवरून फिरवायला सांगितला होता. मायने तो दातांत धरला आणि चोखायला लागली, सोडेना. मी ओढून काढला. नव्वदीच्या म्हातारीच्या दातांतून चिंधी ओढून काढणं ही काय बदला घेण्याची गोष्ट आहे? पुढचे दिवस मी फक्त पहारा केला. चुकून पाणी जाऊ नये, ती जगावी, एवढंच मला पाहिजे होतं.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. नाडी बघितली आणि हळू आवाजात म्हणाले, "आता काय पाहिजे ते द्या." बापू आणि महेश बाहेर होते. मी पेलाभर पाणी घेतलं, चमचा घेतला आणि म्हटलं, "माय, सोडलं पाणी. घे."

तिने चमच्याकडे पाहिलं. डॉक्टरांचं बोलणं तिला कळलं होतं. डावा हात उचलून तिने आपल्या गेलेल्या हातावर अंगठ्याचं नख फिरवलं. दोनदा खरवडलं. मग ओठ मिटून घेतले. मी चमचा ओठांना लावून बराच वेळ बसले. तिने उघडले नाहीत.

दुपारी ती गेली. बापूने तिच्या तोंडात गोदावरीचं पाणी घातलं, ते गालावरून उशीवर गेलं. सिस्टर आवराआवर करायला लागली. सकाळचा पेला तसाच भरलेला होता. तो उचलून ती मोरीत ओतायला निघाली. मी तिच्या हातातून घेतला आणि पिऊन टाकला. सकाळपासून मीही काही प्यायले नव्हते.