देवाची मूठ

आमच्या घरी कणीक भिजवायला घेतली की पहिली मूठ देवाची असे. परातीत पीठ काढायचं, त्यातलं मूठभर उचलून चुलीमागच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि मगच पाण्याला हात लावायचा. रविवारी तो डबा देवळात जाई. देऊळ म्हणजे आम्हां ख्रिस्ती लोकांचं उपासनेचं ठिकाण. नगरकडून आलेली आमच्यासारखी माणसं त्याला देऊळच म्हणत, इंदूरची हिंदी बोलणारी मंडळी गिरजाघर म्हणत. तिथे दाराशी एक मोठं पिंप ठेवलेलं असे. बायका आपापले डबे त्यात रिकामे करत आणि उपासना संपली की ते पीठ विधवांना, अडल्यानडल्यांना वाटलं जाई. कुणाचा गहू, कुणाची ज्वारी, कुणाचा मका, सगळं एकत्र. त्या पिठाची ना धड पोळी होई ना धड भाकरी.

या डब्याचा एक कायदा होता. आत गेलेलं परत काढायचं नाही. गिरणीचा संप लांबला तेव्हा आम्ही फुटाण्यांवर दिवस काढले आणि फळीवर डबा अर्धा भरलेला. मी म्हटलं, "देवाकडे काय पिठाचा तुटवडा आहे का?" बाबा हसले. आईनं दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवतो. माझी जीभ तेव्हापासूनच अशी. आई म्हणायची, या पोरीला जन्मल्याबरोबर मधाऐवजी रतलामी शेव चाटवलीय कुणीतरी.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून राजवाड्यापाशी चहा पिणारी माणसं अजून रुसलेली असत. बाबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते कापडाच्या गिरणीत घडी खात्यात होते. भोंगा झाला की जायचे, भोंगा झाला की यायचे, आणि पगाराच्या दिवशी घरी पोचेपर्यंत निम्माशिम्मा वाटून मोकळे व्हायचे. देवळाचा दशांश तर आधीच निघे. पुढे वाटेत कुणाचं मूल आजारी, कुणाच्या घरी मयत. "प्रभू देईल," एवढंच म्हणायचे. गंमत म्हणजे काही ना काही येईही. कुणी गुळाची ढेप आणून देई, कुणी जुनी सायकल. आई ती ढेप फोडता फोडता म्हणे, "तुमच्या प्रभूवर माझा पक्का भरोसा आहे हो. तुमच्यावर नाही."

तिच्या कानातल्या कुड्या अशाच गेल्या होत्या, बाबांच्या खात्यातल्या एका कामगाराच्या बायकोचं बाळंतपण अडलं तेव्हा. बाबांनी मागितल्या, तिनं काढून दिल्या. ती बाई वाचली, मूलही वाचलं, आणि आई नंतर कितीतरी दिवस कानाची रिकामी पाळी चोळत बसायची. त्या दिवसापासून तिच्या हातातल्या दोन पाटल्याही दिसेनाशा झाल्या. माहेरच्या होत्या त्या. बाबांनी कधी विचारलं नाही. मला मात्र तिनं एकदा दाखवल्या, बाबा कामावर असताना. तिच्याच एका जुन्या लुगड्याच्या निळ्या तुकड्यात बांधलेल्या होत्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या.

"ह्या तुझ्या ट्रेनिंगच्या," ती म्हणाली. "मॅट्रिक झालीस की मास्तरणीच्या कोर्सला जायचं. होस्टेल, फीस, सगळं होऊन जाईल यातून. माझ्यासारखं चूल फुंकत बसायचं नाही."

"ठेवतेस कुठे?"

"तुझ्या बाबांचा हात जिथे कधी जाणार नाही तिथे."

मला त्या वयात दुसरं काहीच नको होतं. परगावचं ते होस्टेल मी पाहिलं नव्हतं, तरी खिडकीजवळची खाट मी मनातल्या मनात धरून ठेवली होती. मॅट्रिकचा निकाल लागला, कोर्सला नाव लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला.

तिची वाचा गेली. एक हात तेवढा हलत होता. त्या हाताची मूठ वळायची, उघडायची, पुन्हा वळायची, आणि डोळे सैपाकघराच्या दाराकडे. मी पाणी आणलं, पेज आणली. तिनं मान फिरवली. पुन्हा मूठ. डोळ्यांतून धार लागलेली. बाबा खाटेपाशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ती मूठ आपल्या हातात घेतली.

"कळलं मला," ते म्हणाले. "देवाची मूठ ना? मी चुकवणार नाही. एक दिवस चुकवणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ बाळ, या अवस्थेतही तिला काय आठवतंय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. ते डोळे मला अजून दिसतात, आणि झोपेत नव्हे, चांगली जागी असताना. भाजी निवडताना दिसतात, बसची वाट बघताना दिसतात. तेव्हा मला वाटलं होतं, तिचं समाधान झालं. मी किती मठ्ठ होते.

शनिवारी आम्ही तिला मूठमाती दिली. रविवारी बाबा स्वतः डबा घेऊन निघाले. पुरुषानं पिठाचा डबा आणलेला कुणी पाहिला नव्हता, दाराशी उभ्या असलेल्या बायका बाजूला झाल्या. मी आत जाऊन बायकांच्या बाजूला बसले होते. डबा उपडा करून बाबांनी त्याच्या बुडावर थाप मारली ती ऐकू आली, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, रडत असतील.

तो आठवडा मी घर पालथं घातलं. उशा उसवल्या, मसाल्याचे डबे उलटे केले, चुलीमागची सैल वीट काढली. कोर्सला हजर व्हायची तारीख जवळ येत होती. बाबा खाटेवर बसून बघत होते. काय शोधतेस, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. पहाटे भोंग्याआधी सैपाकघरात डब्याचं झाकण वाजे, अगदी आई वाजवायची तसं, आधी हलकंच आणि मग दाबून. अर्धवट झोपेत मला वाटे, उठली वाटतं. मग बाबांचा खोकला ऐकू यायचा. दिलेला शब्द ते पाळत होते. त्या झाकणावर आईच्या पिठाच्या बोटांचे ठसे वाळून राहिले होते, तेवढी जागा सोडून ते झाकण धरायचे.

पुढच्या रविवारी देवळात साक्षी सुरू झाल्या. आमच्याकडे कुणालाही वाटलं तर उठून देवानं आपलं काय केलं ते सगळ्यांना सांगता येतं. आमच्याच गल्लीत, आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहणारी एक विधवा उठली. तिचा नवरा गिरणीतल्या अपघातात गेला होता, आणि ती लोकांची भांडी घासून दोन लेकरं पोसत होती.

"पिछले इतवार का आटा मैंने छाना," ती म्हणाली, "तो छलनी में एक गाँठ रह गई. खोली तो सोने के दो कड़े. मैं तो बरसों से एक सिलाई मशीन माँग रही थी उससे. अब बर्तन नहीं होते मेरे से. उसने सुन ली." तिनं कमरेला खोचलेला कापडाचा एक तुकडा काढून वर धरला. निळा होता, पांढऱ्या ठिपक्यांचा. "बाइबिल में उस बेवा के मटके का आटा खत्म नहीं हुआ था ना, वैसा ही हुआ मेरे साथ."

मला एका क्षणात सगळं समजलं. बाबांचा हात जिथे कधी जाणार नाही अशी घरात एकच जागा होती. आत गेलेलं काढायचं नाही हा त्यांचा कायदा, म्हणून आईनं त्याच डब्यात तळाला गाठ ठेवली होती. दर रविवारी देवळात निघण्याआधी ती गुपचूप काढत असणार आणि घरी आल्यावर परत ठेवत असणार. मूठ वळून वळून ती तेच सांगत होती.

पादरीसाहेब जरा गोंधळले. मग म्हणाले, "ये अगर किसी का भूल से आ गया हो, तो अभी बता दे. इसमें शरम की कोई बात नहीं."

ती बाई तुकडा तसाच धरून उभी होती आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं. मी बाकाला हात टेकवून उठायला लागले. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं बाबांचा आवाज आला.

"आमेन."

एरवी पुटपुटणारा माणूस. त्या दिवशी छपराला आवाज गेला. मागोमाग सगळी मंडळी आमेन म्हणाली आणि मी अर्धी उठलेली परत बसले.

घरी आल्यावर मी चप्पलही काढली नाही. "ते आईचं होतं."

"हो."

"माझ्यासाठी ठेवलं होतं तिनं."

"देवाच्या डब्यात होतं, बाळ."

"देवाला दिलं नव्हतं काही. तुमच्यापासून लपवलं होतं."

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते मी. ते खाटेच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "माझ्यावर भरोसा ठेवू नकोस तू. तिनंही ठेवला नाही, बरोबरच होतं तिचं. त्याच्यावर ठेव. तो बघेल तुझं."

पुढे किती तरी महिने मी त्या दोघांशीही बोलले नाही, बाबांशी आणि त्याच्याशी.

पाटल्या सराफ्यात गेल्या आणि भिंतीपलीकडे शिलाई मशीन आलं. दुपारभर चालायचं. त्या आवाजात मी भात केला, पाटीवर पोरांची अक्षरं तपासली, आजारपणं काढली. मला ते मशीन वाटायचंच नाही. आई भिंतीपलीकडे बसून काहीतरी सांगतेय आणि मला शब्द लागत नाहीत असं वाटायचं. मध्येच ते थांबे, बाई दोरा ओवत असेल, आणि मी हातातलं काम टाकून कान देऊन बसे. बाई वाईट नव्हती. नाताळला तिनं माझ्यासाठी झंपर शिवून पाठवला, बिनपैशाचा, अंगाला अगदी बरोबर बसेल असा. मी तो घातला नाही.

कोर्सची जागा गेली. एका शाळेत लहान मुलांची नाकं पुसायचं काम मिळालं, मग तो वर्ग मिळाला, मग बाहेरून परीक्षा दिल्या. ट्रेनिंग नाही म्हणून पगार शेवटपर्यंत अर्धवट आणि नवीन आलेली पोरगीही मला वरून बोलणार. उपाशी मात्र आम्ही कधी राहिलो नाही. महिनाअखेरीला कुणी ना कुणी काही ना काही घेऊन दारात उभं राही. ते कुणी पाठवलं याचा विचार मी मुद्दाम करत नसे.

बाबांच्या छातीत गिरणीचा कापूस भरला होता. शेवटच्या हिवाळ्यात ते खाटेवरून उठेनासे झाले. एका दुपारी पलीकडे मशीन चालू होतं आणि मी त्यांच्या पायांना तेल लावत होते.

"मी गाठ पाहिली होती," ते म्हणाले.

मी हात थांबवला.

"डबा उपडा केला, आणि ती पिठावर पडली. तिच्या लुगड्याचा तुकडा मी ओळखणार नाही होय? हात घातला होता मी पिंपात. बोटांना लागल्या पाटल्या. मग हात काढून घेतला आणि वर पीठ सारलं."

"का?"

"तेव्हा काढून घेतल्या असत्या, तर त्याच्या नावानं जन्मभर जे बोललो ते सगळं खोटं झालं असतं." त्यांना धाप लागली. "वाटलं, तो बघेल तुझं. आणि मग भीती बसली. रोज तू शाळेतून आलीस की तुझ्या तोंडाकडे बघायचो मी. आज तरी दिसतंय का, म्हणून."

ते बघायचे हे मला माहीत होतं. इतकी वर्षं मी त्याला माया समजत होते. मी घर उलथंपालथं करताना हा माणूस सगळं जाणून खाटेवर बसला होता, हे डोक्यात आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचे पाय माझ्या मांडीवर होते.

"बघितलं का गं त्यानं?" बाबांनी विचारलं. "तुझं बघितलं का?"

भिंतीपलीकडचं मशीन थांबलं होतं.

"बघितलं, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. आयुष्यात ते कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे दुसऱ्याचं खोटं त्यांना ओळखू येत नसे. आणि मी बोलले ते खोटं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या हिवाळ्यातच ते गेले.

तो डबा आता माझ्याकडे आहे. मी एकटीपुरती दोन पोळ्यांची कणीक भिजवते, पण पहिली मूठ चुकवत नाही. मूठ टाकली की हात तसाच पिठात खाली जातो, बोटांना तळाचा पत्रा लागेपर्यंत. आत गेलेलं परत काढायचं नाही हे मला ठाऊक आहे. मी काढत नाही. नुसतं बघते, आहे का.