असे शहर नाही

टपाल कचेरीत त्यांना सगळे नकाशेकाका म्हणत. आडनाव भलतंच होतं, पण शहरातली गल्लीन्गल्ली तोंडपाठ, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नवा कारकून हजेरीच्या वहीत 'नकाशे' शोधत बसायचा आणि बाकीचे गालातल्या गालात हसायचे.

गोऱ्या साहेबांनी रूढ केलेलं शहराचं नाव बदलून सरकारनं मूळ नाव आणलं, तेव्हा काकांच्या नोकरीला अकरा वर्षं झाली होती. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पण लोकांचा हात थोडाच बदलतो! जुन्या नावाची पत्रं येतच राहिली. काका ती बाजूला काढत, जुन्या नावावर रेघ मारून वर नवं लिहीत आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकत. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण त्या गठ्ठ्यात वर्षाकाठी एक पाकीट त्यांच्या थोरल्या भावाचं असायचं.

दादा विसाव्या वर्षी वडिलांशी कडाक्याचं भांडून परदेशी गेला तो गेलाच. वडील वारले तेव्हाही आला नाही. पत्रात चार ओळी, मी बरा आहे, तुम्ही बरे असाल. नाव बदलल्याचं आणि जुन्या नावाची पत्रं आपणच बघत असल्याचं काकांनी दोनदा कळवलं, तर त्याचं उत्तर, मी ज्या गावातून निघालो त्याच गावाला लिहिणार. हट्ट वडिलांचाच. काकांनी मग नाद सोडला. पत्र आपल्याच हातात पडणार होतं ना!

पुढं काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनं होऊन ते दोन महिने घरी होते. तेवढ्यात वरून हुकूम आला की जुन्या नावाचं टपाल यापुढं परत पाठवायचं. कामावर रुजू झाल्यावर त्यांना कळलं, दोन पोती पत्रं परत गेली होती. ते साहेबांशी बोलले. साहेबांनी शांतपणे सांगितलं की नाव बदलून वीस वर्षं झाली, लोकांनी आणखी किती वेळ घ्यायचा? काकांना लोकांचं वाईट वाटलं. त्यात दादाचं पत्र असेल असं मात्र मनातही आलं नाही. त्याचं पत्र नुकतंच तर येऊन गेलं होतं.

आठ महिन्यांनी घरी एक जाड पाकीट आलं, नव्या नावाचं. दादाच्या मुलाचं. आत दादाचं परत गेलेलं पत्र होतं, वर शिक्का 'असे शहर नाही'. दादानं लिहिलं होतं, डॉक्टरांनी सहा महिने दिलेत. एकदा घर बघावंसं वाटतं. वडिलांच्या खोलीत झोपायला जागा द्याल का? नाही म्हणालात तरी राग नाही.

पुतण्यानं लिहिलं होतं की बाबांनी शिक्का वाचला, पाकीट खणात टाकलं आणि आम्हाला लिहू दिलं नाही. तीन महिन्यांत ते गेले.

काकांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग बायकोला म्हणाले, "त्याला वाटलं, आपणच परत पाठवलं."

"तुमच्या डोळ्यांना पट्टी होती. तुमचा काय दोष?"

"मी घरी होतो. नुसता बसून होतो."

पत्राच्या शेवटी पुतण्यानं विचारलं होतं, बाबा शहराचं जे नाव सांगायचे त्याचा अर्थ काय? काकांना उत्तर लिहायला आठवडा लागला. मूळ नाव म्हणजे नदीचा उतार, जिथून माणसं चालत पलीकडं जात. परक्यांच्या जिभेला ते वळलं नाही, तेव्हा त्यांनी तोडूनमोडून जे केलं त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. एवढं लिहून ते थांबले. खाली आणखी एक ओळ घातली, 'पण तुझे बाबा ते नाव घेत, तेव्हा त्यांना आमचं घर म्हणायचं असे.'

पुतण्याचं एक छोटं उत्तर आलं, आभाराचं. त्यानंतर काही आलं नाही. काका निवृत्त झाले. टपालवाला फाटकाशी आला की ते अजूनही खुर्चीतून उठतात. बायको म्हणते, बसा हो, मी बघते. ते बसत नाहीत.