बाबांच्या फळ्यांची थप्पी

त्याला सगळे टकटक म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते फक्त कागदोपत्री. लाकूड दिसलं की त्यावर बोटाचं हाड आपटायचं आणि कान लावायचा, ही त्याची खोड. दवाखान्यात गेला की डॉक्टरांच्या टेबलावर टकटक. मेव्हण्यानं नवं घर घेतलं, तेव्हा पाहुणे जेवत असताना हा पठ्ठ्या आतल्या सगळ्या दारांवर टकटक करून आला आणि भर पंगतीत म्हणाला, "सगळी पोकळ आहेत." खरंच पोकळ होती. पण मेव्हण्यानं त्यानंतर दोन वर्षं त्याला घरी बोलावलं नाही.

एका जागी बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. हातात चहाचा कप घेऊन कारखानाभर फिरायचा आणि कप कुठेतरी ठेवून विसरायचा. मग त्याची बायको कपाची शोधाशोध करी आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवी. पन्नाशी उलटली तरी त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

दोघे भाऊ इलेक्ट्रिक गिटार बनवत. टकटक लाकूड निवडायचा, कापायचा, घासायचा. धाकटा तारा, पिकअप आणि जोडणी बघायचा, आणि वाजवायचाही तोच. थोरल्याच्या बोटांत सूर नव्हता, आणि ते दुःख त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. साध्या गिटारला पोकळ पोट असतं, तिथे लाकूड गातं हे कुणीही मान्य करील. इलेक्ट्रिक गिटार मात्र सबंध ठोकळ्याची. तार हलते, तिच्याखालचं पिकअप ते हलणं पकडतं आणि वायरीतून स्पीकरकडे धाडतं. मग यात लाकडाचं काम काय? या एका प्रश्नावर जगातले गिटारवाले एकमेकांच्या उरावर बसतात. या घरातही तेच.

"महोगनी गोड बोलते," टकटक गिऱ्हाइकाला सांगायचा. "मेपल फटकळ. तोंडावर बोलून मोकळं होणारं. तुमचा स्वभाव कसा आहे?" गिऱ्हाईक खूश. मागे धाकटा कपाळाला हात लावून उभा.

"दादा, लाकूड नुसतं सामान धरून ठेवतं," तो म्हणायचा. "आवाज तारेचा नि पिकअपचा."

"तू बहिरा आहेस."

"आणि तू थापाड्या."

इतकी वर्षं हे हसण्यावारी गेलं. मग धाकट्यानं मशीन आणायचं ठरवलं. संगणकावर नक्षी काढली की लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटातून गिटारचं अंग कापून देणारं. पाट स्वस्त, सगळे एकसारखे, वाकत नाहीत, चिरत नाहीत. अडचण एकच. मशीनला जागा हवी होती, आणि जागा अडवून बसली होती बाबांची थप्पी.

बाबा फर्निचर करायचे. जाताना त्यांनी महोगनीच्या फळ्यांची छतापर्यंत थप्पी मागे ठेवली. दोन फळ्यांच्या मधे पट्ट्या, वारा खेळायला. वर्षातून एकदा ती सगळी उतरवायची आणि उलटी रचायची, खालची फळी वर. दोघे भाऊ शाळेत असल्यापासून हे करत आले होते, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. या वर्षी धाकटा म्हणाला, "उलटी कशाला रचायची? सोमवारी वखारवाला येऊन घेऊन जाईल."

टकटकची झोप उडाली. जेवताना उठायचा, थप्पीपाशी जायचा, परत येऊन बसायचा, पुन्हा उठायचा. बायको वैतागली. "अहो, ताटावर तरी बसा नीट!" तो बसला, आणि ताटाशेजारी बोटं वाजवायला लागला.

शेवटी धाकट्यानंच तोडगा काढला. बाबांच्या फळीची एक गिटार आणि दाबलेल्या पाटाची एक. दोन्हींना तेच पिकअप, त्याच तारा, एकाच लाकडातून कापलेल्या माना, वरून सारखाच काळा रंग. "मी पडद्याआड वाजवतो. कुठली कधी वाजवायची ते वहिनी ठरवतील. तू ओळखलंस तर थप्पी राहील आणि मशीन येणार नाही. नाही ओळखलंस तर वखारवाल्यासमोर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," टकटक म्हणाला. नाही म्हणण्याची सोयच ठेवली नव्हती धाकट्यानं.

रविवारी दुपारी दोरीवर चादर टांगली. टकटकची बायको आणि धाकटा पलीकडे, टकटक अलीकडे स्टुलावर. पहिली गिटार वाजली. नेहमीचीच धून, धाकटा प्रत्येक नव्या गिटारवर वाजवायचा ती. मग दुसरी वाजली.

टकटकला फरकच कळेना. दोन्ही सारख्याच! गोड नाही, फटकळ नाही, काही नाही. इतकी वर्षं लोकांना सांगितलं ते सगळं वाऱ्यावरचं? "पुन्हा," तो म्हणाला. त्याला वाटलं, उठावं आणि सरळ रस्त्यावर निघून जावं.

पुन्हा वाजली. त्यानं डोळे मिटले. आणि मग त्याला काहीतरी ऐकू आलं. एका गिटारच्या वेळी तारेवर आघात होण्याआधी हात किंचित थबकत होता. बोटं तारेवर पडत नव्हती, टेकत होती. दुसरीच्या वेळी मात्र धाकट्याचा नेहमीचा झपाटा, खुर्चीसुद्धा करकरत होती.

"ही बाबांची," तो म्हणाला.

पलीकडून बायकोचा आवाज आला, "बरोबर."

पुन्हा वाजवलं, पुन्हा ओळखलं. बायकोनं क्रम फिरवून बघितला, एकच गिटार लागोपाठ देऊन बघितली. टकटक चुकला नाही. धाकट्यानं चादर बाजूला केली. त्याचा चेहरा पडला होता. "मानलं, दादा. मला खरंच वाटलं नव्हतं." बायकोचे डोळे अभिमानानं चमकत होते. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याकडे असं क्वचितच पाहिलं असेल.

आता खरं तर यानं कॉलर ताठ करून फिरायचं. पण छे! हा थप्पीकडे गेला, खिडकीकडे गेला, बाहेर कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. धाकटा मशीन नको म्हणून कळवायला फोन लावायला लागला, तसा याच्या जिवाची नुसती तगमग झाली. जिंकलेलं होतं ते. कुणाला काही कळणार नव्हतं. थप्पी वाचली होती.

"फोन ठेव," तो म्हणाला. "मी लाकूड ओळखलं नाही."

"म्हणजे?"

"लाकूड मला ऐकूच आलं नाही. दोन्ही सारख्याच. मी तुझा हात ओळखला. बाबांची गिटार हातात आली की वजनावरूनच तुला कळतं आणि तू हळू होतोस. दुसरीला झोडपतोस."

"काहीतरीच!"

"विचार तुझ्या वहिनीला. ती समोर बसली होती."

बायकोनं जरा आठवून पाहिलं आणि मान हलवली. धाकटा कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग चिडून म्हणाला, "म्हणजे माझंच खरं होतं. लाकडाला आवाज नाही."

"नाही," टकटक म्हणाला. हे कबूल करताना त्याचा जीव अर्धा झाला. "येऊ दे वखारवाल्याला."

सोमवारी ट्रक आला. टकटकनं ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं नाही, पण पाय कुठले थांबतात? दारातून ट्रकपर्यंत, ट्रकपासून दारापर्यंत येरझाऱ्या चालू. हमाल फळ्या खांद्यावर टाकून नेत आणि ट्रकमध्ये आदळत. पहिली आदळली तसा धाकटा म्हणाला, "सावकाश." दुसरी आदळली तसा तो स्वतः ट्रकवर चढला. पुढची फळी त्यानं हमालाच्या खांद्यावरून अलगद उतरवून घेतली आणि झोपलेल्या पोराला ठेवावं तशी ठेवली. मग पुढची. हमाल खाली ताटकळत उभे. वखारवाला ओरडला, "अहो, असं चाललं तर संध्याकाळ होईल!"

धाकटा नवी फळी दोन्ही हातांत धरून तसाच उभा होता. खाली ठेवतच नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"उतरवा," तो म्हणाला.

"काय उतरवा?"

"सगळं. द्यायचं नाही."

वखारवाल्यानं तोंडाला येईल ते ऐकवलं. ते बोलणं धाकट्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. टकटक ट्रकपाशी आला. त्याला बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण राहवलं नाही. "अरे, लाकडाला आवाज नाही म्हणालास ना? मग मशीनचं काय करणार?"

"बघू मशीनचं," धाकटा म्हणाला. "आधी ते टोक धर."