डचेसचं न बोललेलं वाक्य

आमच्या थिएटरात नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कुणी उच्चारत नसे. उच्चारलं की नाटक पडतं, ही सगळ्यांची पक्की समजूत. त्या जागी तोंडाला येईल ते बडबडायचं आणि पडदा पाडायचा.

हेस्टर पिनकच्या वाट्याला ते वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. लंडनच्या लॅम्बेथ वस्तीतल्या धोबिणीची ही मुलगी. आयुष्यभर तिने रंगमंचावर सरदारघराण्यातल्या आत्या नि मावश्याच केल्या. पहिल्या अंकात यायचं, कुणाच्या तरी सोयरिकीला नाक मुरडायचं, चहा प्यायचा, निघून जायचं. या वेळची डचेस मात्र शेवटपर्यंत खुर्चीत होती. सगळी लफडी निस्तरल्यावर पुतण्या तिला विचारतो, "आत्या, मग खरा सभ्य माणूस ओळखायचा कसा?" डचेस उत्तर देते, पडदा पडतो.

"हशा आला नाही तर पुढच्या मोसमात तुम्ही फिरत्या कंपनीत," मॅनेजर क्रेल यांनी तिला बजावलं होतं. फिरती म्हणजे रविवारच्या गाड्या, ओलसर खोल्या. तिचा गुडघा त्यात टिकला नसता.

मी त्या नाटकात मोलकरणीचं काम करत होते. आमची रंगायची खोली एकच. तालमी सुरू झाल्यापासून ती स्वस्थ बसलेली मी पाहिली नाही. ओठ हलायचे, थांबायचे. पावडरीचा डबा उगाच या हातातून त्या हातात.

"घरी एकदा म्हणून बघा ना, पिनकबाई."

"भिंतीला कान असतात, पोरी. नशिबाला तर फारच लांब असतात."

तालमीत ती म्हणायची, "अमुक तमुक, आणि वर लोणच्यातला कांदा!" क्रेल टाळी वाजवायचे, पडदा खाली. रोज तेच.

पहिला प्रयोग. गॅलरीत शिट्ट्या मारायला टपलेले नेहमीचे लोक, पुढे खुर्च्यांत हिऱ्यांनी मढलेले खरेखुरे लॉर्ड आणि लेडी. मी दाराशी ट्रे धरून उभी. पुतण्याने विचारलं. हेस्टरने पंखा मिटला, मान उंचावली आणि तिच्या सगळ्या डचेसपणानिशी म्हणाली,

"अमुक तमुक, आणि वर लोणच्यातला कांदा."

माझ्या ट्रेमधले कप खणखणले. तिचा चेहरा पांढरा पडला. पण हनुवटी खाली आली नाही.

मग गॅलरीतून आवाज आला, "बरोबर बोललीस, म्हातारे! एवढंच असतं या बड्या लोकांकडे!"

सगळं थिएटर हशाने फुटलं. खाली एक खरी काउंटेस पंख्याआड हसून गदगदत होती.

आत लेखक डोकं धरून बसला होता. क्रेलनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पिनकबाई, उद्याही हेच. रोज हेच."

तिची जागा राहिली. नाटक हिवाळा ओलांडून चाललं. पण ती काही स्वस्थ झाली नाही. अजूनही आरशासमोर ओठ हलायचे, डबा हातातून हातात जायचा. एकदा न राहवून मी म्हटलं, "आता तरी सांगा, खरं वाक्य काय होतं? आता कशाची भीती?"

तिने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"नको गं," ती म्हणाली. "नाटक अजून चालू आहे."