खड्ड्यातले चिंचोके

लिटमसचा लाल कागद मी खड्ड्यातल्या पाण्यात बुडवला. तो लालच राहिला. दुसरा बुडवला, तोही लाल.

पन्नासच्या दशकात मी अंबरनाथच्या एका प्लेटिंग कारखान्यात केमिस्ट होतो. सायकलच्या हँडलवर आम्ही आधी तांबं चढवायचो, मग निकेल. तांब्याच्या टाकीत सायनाइड असे. हँडल धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात जमायचं. तिथे चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून त्यातलं सायनाइड मोडायचं, टेस्ट करायची आणि मगच पाणी ओढ्याला सोडायचं. ओढ्याच्या खालच्या अंगाला एक वाडी होती. तिथली गुरं तेच पाणी प्यायची.

आमच्या पाण्यात लाल लिटमस एरवी लगेच निळा व्हायचा. झाला नाही, याचा अर्थ पाण्यात आम्ल पडलेलं. आम्ल पडलं की सायनाइड पाण्यात राहत नाही, विषारी वायू होऊन वर येतं. त्याला कडू बदामासारखा वास येतो म्हणतात. काही लोकांना तो येतच नाही. त्या काहींत मी आहे.

पण आम्ल आलं कुठून? अ‍ॅसिडची लाइन पार दुसऱ्या टोकाला होती. खड्ड्यापाशी मी स्वतः बोर्ड लावला होता, ‘येथे अ‍ॅसिड आणू नये’. मग पाण्यावर तरंगणारी चिंचेची सालं आणि काठावर पडलेले चिंचोके दिसले.

समोरच्या काठावर बारकू बसला होता. वाडीतला माणूस, तांब्याच्या टाकीवर कामाला. दुसऱ्या दिवशी दसरा, हत्यारांची पूजा. हँडल टांगायच्या तांब्याच्या दांड्या हे त्याचं हत्यार. घरची तांब्याची कळशी घासावी तशा तो त्या उकळलेल्या चिंचेने घासत होता. सकाळपासून त्या चिंचेच्या पाण्याची घमेली खड्ड्यात रिकामी होत होती.

“बारकू, ऊठ! लांब हो तिथून!”

“सायब, डोकं गरगरतंय,” तो म्हणाला आणि बसूनच राहिला.

केमिस्टने कारखान्यात पळू नये, असं आम्हाला शिकवलं होतं. मी पळालो. श्वास रोखून त्याला बगलेत धरलं आणि फाटकापर्यंत ओढत नेलं. माझ्या ड्रॉवरमध्ये अमिल नायट्राइटची कॅप्सूल असे, सायनाइडवरचा उतारा. ऑफिसातले तिला अत्तर समजत. ती धावत जाऊन आणली, रुमालात फोडून त्याच्या नाकाला लावली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

“सायब, चार दांड्या ऱ्हायल्यात अजून.”

मला रडू आलं. चष्मा पुसतोय असं दाखवलं.

तेवढ्यात शेठ आले. उल्हासनगरच्या कॅम्पातून आलेले सिंधी गृहस्थ, मनाने चांगले. “साहब, इमली से कोई मरता है क्या? हम तो रोज खाते हैं।”

“शेठ, ही खायची नव्हती.”

वायू अंगावर येऊ नये म्हणून वारा पाठीशी घेऊन मी चुना टाकत राहिलो, कागद निळा होईपर्यंत. मग ब्लीचिंग, मग टेस्ट. सिल्व्हर नायट्रेटच्या पहिल्याच थेंबाला नमुना दुधासारखा झाला, तर सायनाइड संपलं असं समजायचं. झाला. संध्याकाळी पाणी सोडलं.

मग बारकूला झापायला गेलो. “बोर्ड दिसला नाही तुला?”

“दिसला ना. अ‍ॅशिड म्हंजे त्या मोठ्या काचेच्या बरणीतलं, तुमीच सांगितलंत. त्ये मी कुठं आणलं? ही तर आमच्या दारातली चिच हाय.”

तसं मीच सांगितलं होतं. झापणं तिथेच थांबलं. सूचना लिहिणाऱ्याने आधी ती वाचणाऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावून यावं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. त्याच संध्याकाळी बोर्ड नवा रंगवला, ‘येथे अ‍ॅसिड, चिंच, लिंबू, कोकम, ताक आणू नये’. पुढे बरेच पाहुणे आम्हाला खानावळ कुठे आहे ते विचारत.

दसऱ्याला शेठनी सायनाइडच्या टाकीच्या वर लिंबू-मिरची बांधली. मी काढायला सांगितली.

“साहब, नज़र लगेगी!”

बारकूने स्टूल ओढलं, लिंबू सोडवलं आणि शेठच्या हातात दिलं.

“शेठ, ह्ये बी अ‍ॅशिडच हाय.”